नावडता भाचा

स्मरणिकेसाठी मी काहीतरी ‘भारदस्त’ लिहावे, अशी आपल्या कार्यकारिणीची दरवर्षी अपेक्षा असते. पानिपत झाले, तंजावर झाले, बडोद्याचे सयाजीरावही झाले. यंदा मी कार्टूनवर लिहितो म्हटल्यावर संपादक आधी हसले आणि मग जरा गंभीर झाले. मी त्यांना म्हटले, “साहेब, इतिहासच आहे. फक्त माणसांचा नाही, कुत्र्यांचा आणि बदकांचा आहे.” त्यांनी पाने दिली, त्याबद्दल त्यांचे आभार. आता विषयाकडे वळतो.

गोष्ट 2003 सालची. आम्हाला बंगलोरला येऊन चार वर्षे झाली होती आणि मुलगा सहा वर्षांचा होता. कन्नड येत नाही, हिंदी अर्धवट, इंग्रजी शाळेपुरते. त्यामुळे संध्याकाळी त्याचे खरे दोस्त म्हणजे कार्टून नेटवर्कवरची मंडळी. त्यातही त्याचा जीव ‘स्कूबी-डू’वर. नेमके सांगायचे तर स्कूबीपेक्षा त्याच्या चिमुकल्या भाच्यावर, म्हणजे स्क्रॅपीवर. मामा भुताला पाहून टेबलाखाली लपायचा आणि हा टीचभर भाचा मुठी आवळून भुताच्या अंगावर धावायचा. आमचे चिरंजीव सोफ्यावर उभे राहून त्याची नक्कल करीत. घरात सगळ्यांत लहान असणाऱ्या मुलाला असा वीर आवडणारच.

म्हणून त्याच्या वाढदिवसाला मी ‘स्कूबी-डू’ सिनेमाची व्हीसीडी विकत आणली. 2002 साली आलेला, खऱ्या नटांना घेऊन केलेला हा सिनेमा. त्या काळची व्हीसीडी म्हणजे दोन डिस्क. मध्यंतरात उठून बदलायच्या. पहिली डिस्क झकास गेली. दुसऱ्या डिस्कच्या शेवटाकडे खलनायकाचा मुखवटा उतरतो. बेटावरच्या जत्रेचा मालक म्हणून जो वावरत असतो (ते काम आपल्या ‘मिस्टर बीन’ने, म्हणजे रोवन ॲटकिन्सनने केले आहे) तो माणूस नसून यंत्र निघतो. त्या यंत्राच्या पोटात बसून सगळे कारस्थान चालवणारा निघतो स्क्रॅपी. फार मिजास करतो म्हणून मंडळींनी त्याला पूर्वी गाडीतून वाटेतच उतरवून दिलेले असते. त्याचा सूड घ्यायला तो आलेला.

मी खो खो हसलो. कल्पना मजेदारच होती. शेजारी पाहिले तर मुलगा हसत नव्हता. त्याने विचारले, “बाबा, पण तो तर त्यांचाच आहे ना?”

या प्रश्नाला तेव्हा मला उत्तर देता आले नाही. पुढे रिकाम्या वेळात मी या भाच्याचा इतिहास शोधत गेलो.

मुळात या कार्टूनच्या जगात इतके भाचे का, हाच पहिला प्रश्न. कारण सोपे आहे. नायक ब्रह्मचारी ठेवायचा असतो, पण गोष्टीत पोरे तर हवी असतात. मुलगा दाखवला की बायको आली, संसार आला, वय आले. भाचा दाखवला की काहीच नको. एक बहीण कुठेतरी आहे एवढे सांगितले की झाले. डिस्नेच्या मिकी माऊसला 1932 साली दोन भाचे मिळाले. पाच वर्षांनी डोनाल्ड डकला तीन मिळाले: ह्यूई, ड्यूई आणि लूई. 17 ऑक्टोबर 1937 च्या रविवारच्या वृत्तपत्रातल्या चित्रपट्टीत ते प्रथम आले. चित्रकार होते आल टालियाफेरो. डोनाल्डच्या बहिणीचे पत्र येते की, मुलांना तुझ्याकडे पाठवते आहे, त्यांचे वडील इस्पितळात आहेत. कारण काय, तर या गुणी बाळांनी वडिलांच्या खुर्चीखाली भलामोठा फटाका लावला! पुढच्याच वर्षी, एप्रिल 1938 मध्ये, ‘डोनाल्ड्स नेफ्यूज’ हा लघुपट आला आणि पाहुणे म्हणून आलेली ही मुले कायमची मुक्कामाला राहिली.

इथे एक गंमत सांगायचा मोह आवरत नाही. इंग्रजीत सगळेच ‘अंकल’. काका, मामा, मावशीचे यजमान, शेजारचे जोशी, सगळे एकाच खुंटीला. आपल्याला मात्र बहिणीची मुले म्हटले की नाते पक्के कळते: डोनाल्ड हा मामा. कंजूष स्क्रूज ‘अंकल’ तर डोनाल्डच्या आईचा भाऊ, म्हणजे तोही मामाच, आणि या तिघांचा आईकडून मामाआजोबा. दूरदर्शनवर नव्वदच्या दशकात रविवारी हिंदीतून ‘डक टेल्स’ लागायचे तेव्हा आमच्या मातोश्री पाहत बसत. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले होते, “या पोरांची आई कुठाय?” प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर टीव्हीवर मिळायला 2018 साल उजाडले. ‘डक टेल्स’ नव्याने काढताना त्यांनी ती आई, डेला, शोधून काढली; बाई चंद्रावर अडकून पडली होती म्हणे. मातोश्री तोवर राहिल्या नव्हत्या.

सुरुवातीला हे तिघे निव्वळ वात्रट होते. मामाची फजिती करणे एवढाच त्यांचा धंदा. तसेच राहिले असते तर प्रेक्षक कंटाळले असते, असे मला वाटते. पण त्यांना कार्ल बार्क्स भेटला. 1940 च्या दशकात कॉमिक्समधील डोनाल्डच्या गोष्टी त्याच्या हाती आल्या आणि त्याने हळूहळू पोरांना शहाणे केले. 1947 च्या डिसेंबरात त्याने स्क्रूज मामांना आणले. 1951 मध्ये मुलांना स्काऊटसारख्या एका पथकात घातले, पुढे त्यांच्या हातात सगळ्या जगाचे ज्ञान असलेले एक पुस्तक दिले. मग उलटेच झाले. मामा धांदरट आणि भाचे समंजस. हे एका रात्रीत झाले नाही, याला दहा-बारा वर्षे लागली. कोणी त्यांच्यावर घाई केली नाही.

काही पाहुणे तर आपल्या हिमतीवर घर बळकावतात. पॉपय हा खलाशी मुळात नायक नव्हताच. ई. सी. सेगर यांची ‘थिंबल थिएटर’ ही चित्रपट्टी 1919 च्या डिसेंबरपासून चालू होती. तिच्यात ऑलिव्ह ऑइल, तिचा भाऊ कॅस्टर आणि तिचा प्रियकर हॅम ग्रेव्ही यांचा संसार. 17 जानेवारी 1929 रोजी कॅस्टरला बोट चालवायला एक खलाशी हवा होता, म्हणून पॉपय आला. काम संपल्यावर त्याला घरी पाठवले, तर वाचक ऐकेनात. तो परत आला, आणि दहा वर्षे ऑलिव्हच्या मागे असलेला बिचारा हॅम ग्रेव्ही कायमचा बाहेर गेला. त्या हॅम ग्रेव्हीबद्दल आज कोणी हळहळत नाही. पॉपय वाचकांनी मागून घेतला होता. आमच्या स्क्रॅपीचे तसे नव्हते.

स्क्रॅपीला मागवले ते चॅनेलने.

‘स्कूबी-डू’चा जन्म 13 सप्टेंबर 1969 चा. अमेरिकेत त्या काळी शनिवारची सकाळ मुलांच्या कार्टूनसाठी राखीव असे. आदल्या वर्षीच्या मारामारीच्या कार्टूनवर पालक खवळले होते, म्हणून सीबीएस चॅनेलचे फ्रेड सिल्व्हरमन यांना काहीतरी सौम्य हवे होते. हॅना-बार्बेरा कंपनीच्या जो रूबी आणि केन स्पिअर्स यांनी गोष्ट रचली: चार तरुण, एक गाडी, एक कुत्रा आणि दर आठवड्याला एक खोटे भूत. पहिला आराखडा फार भीतिदायक म्हणून वरिष्ठांनी परत केला. मग सिल्व्हरमननी भित्र्या कुत्र्यालाच पुढे आणले. फ्रँक सिनात्राच्या एका गाण्याच्या शेवटी नुसते अर्थहीन सूर आहेत, त्यांतून त्याचे नाव काढले. कुत्रा रेखाटला इवाओ ताकामोतो यांनी. ग्रेट डेन जातीचा चांगला कुत्रा कसा असतो हे त्यांनी जाणकाराकडून समजून घेतले आणि सगळे बरोबर उलटे काढले: पाय वाकडे, पाठ बसकी, हनुवटी लांब. म्हणजे बघा, स्कूबी स्वतःच मुळात बाजूचा होता आणि पोटापाण्याच्या अडचणीतून नायक झाला होता.

मालिका चालली. 1976 मध्ये ती एबीसी चॅनेलकडे गेली. त्याच वर्षी स्कूबीचा एक ‘कझिन’ आणला गेला, स्कूबी-डम. (चुलतभाऊ, मावसभाऊ की आतेभाऊ, हे इंग्रजीत कळायला मार्ग नाही.) दलदलीत राहणारा, लाल टोपीवाला, मंद बुद्धीचा. थोड्याच भागांत आला आणि गेला. पण तो पाहुणा होता, त्याच्यावर कोणाचा भार नव्हता. त्यामुळे त्याच्यावर कोणी रागावलेही नाही.

हॅना-बार्बेराला नवे पात्र हे औषध तसे परिचयाचे होते. त्यांच्या ‘फ्लिंटस्टोन्स’मध्ये 1963 साली पेबल्स ही मुलगी जन्मली आणि घराघरात पोहोचली. तिथेच 1965 साली, शेवटच्या हंगामात, परग्रहावरून आलेला गॅझू नावाचा हिरवा बुटका आणला. तो अनेकांना अजिबात रुचला नाही. एप्रिल 1966 मध्ये मालिका संपली. एकच वैद्य, एकच औषध. एकदा गुण आला, एकदा नाही.

1979 मध्ये ‘स्कूबी-डू’ला दहा वर्षे झाली होती. तीच गाडी, तेच पळापळीचे दृश्य, तोच मुखवटा ओढणे. एबीसीच्या मंडळींना मालिका जुनी वाटू लागली होती आणि तिच्या जागी दुसरी नवी मालिका घेण्याचा विचार पक्का होत आला होता. स्क्रॅपी येणाऱ्या पहिल्या भागाची संहिता लिहिणाऱ्या मार्क इव्हनिअर यांनी ही हकीकत पुढे लिहून ठेवली आहे. जो बार्बेरा यांनी चॅनेलला सांगितले की, थांबा, आम्ही नवे पात्र आणतो. स्क्रॅपीचा स्वभाव त्यांनी वॉर्नर ब्रदर्सच्या हेनरी हॉक या पिल्लावरून बेतला. हे ससाण्याचे पिल्लू आपल्या दसपट मोठ्या कोंबड्याला आव्हान देत हिंडते. नवे पात्र चॅनेलला पटले आणि स्कूबी-डू बचावला. 22 सप्टेंबर 1979 रोजी ‘स्कूबी-डू अँड स्क्रॅपी-डू’ सुरू झाले. स्क्रॅपी म्हणजे स्कूबीची बहीण रूबी हिचा मुलगा. पुन्हा मामा-भाचाच!

आता पुढचा भाग नीट लक्षात घ्यावा, कारण सगळा तंटा इथेच आहे. पहिल्या वर्षी पाचही जुनी मंडळी आणि स्क्रॅपी असे सगळे एकत्र होते. 1980 मध्ये मात्र कंपनीने भाग आखूड केले, रहस्ये काढून टाकली, आणि फ्रेड, डॅफ्नी, व्हेल्मा या तिघांना घरी बसवले. उरले शॅगी, स्कूबी आणि स्क्रॅपी. भुतेही आता खरी. ज्या मुलांनी 1969 पासून मालिका पाहिली होती, ती एव्हाना मोठी झाली होती. त्यांना एवढेच दिसले की, हे कार्टे आले आणि आपली माणसे गेली. माणसे काढली कंपनीने. नाव झाले पिल्लाचे. आपल्या मंडळाच्या बालनाट्यातही ऐनवेळी कोणाचा तरी भाचा सुट्टीला आलेला असतो आणि त्याला दोन वाक्ये द्यावीच लागतात. ती वाक्ये ज्याची कापली त्याच्या आईचा राग दिग्दर्शकावर नसतो, त्या पाहुण्या पोरावर असतो. दिग्दर्शक मीच असल्याने हे मी अनुभवाने सांगतो.

एक बारकावा मला फार आवडतो. पहिल्या वर्षी स्क्रॅपीला आवाज दिला लेनी वाइनरिब यांनी. 1980 पासून तो दिला डॉन मेसिक यांनी. हेच मेसिक 1969 पासून स्कूबीचा आवाज होते. म्हणजे मामाची घाबरगुंडी आणि भाच्याची फुशारकी एकाच गळ्यातून निघत होती. स्टुडिओत एकच माणूस स्वतःला आवरत होता आणि स्वतःच ‘सोडा मला, बघतोच त्याला’ म्हणत होता.

मालिका बुडाली असे म्हणावे, तर तसेही नाही. 1983 मध्ये डॅफ्नी परत आली, 1985 मध्ये ‘तेरा भुते’वाली मालिका आली, मग 1987 आणि 1988 मध्ये टीव्हीसाठी तीन लांब चित्रपट झाले. या सगळ्यांत स्क्रॅपी होता. सुमारे नऊ वर्षे त्याने मामाचे घर चालवले. 1988 मध्येच मग ‘अ पप नेम्ड स्कूबी-डू’ ही नवी मालिका आली. त्यात सगळ्यांचे बालपण दाखवले. स्कूबीच पिल्लू झाला म्हटल्यावर भाच्याचे काम काय? कोणी त्याला मारले नाही, निरोप दिला नाही. पुढच्या भागात तो नव्हता, इतकेच. 1998 च्या ‘झॉम्बी आयलंड’ या चित्रपटात जुनी पाच मंडळी पुन्हा जमली, तेव्हाही त्याची कोणी आठवण काढली नाही.

अमेरिकेत जुन्या प्रेक्षकांचा राग मात्र वाढतच गेला. नव्वदच्या दशकात ती शनिवारची मुले तिशीत आली होती. काही लेखक झाली होती, काही टीव्हीच्या कंपन्यांत कामाला लागली होती. मालिकेत ओढूनताणून आणलेल्या कोणत्याही नकोशा पात्राला सरसकट ‘स्क्रॅपी’ म्हणण्याची पद्धत इंग्रजीत पडली. याच सुमारास, 9 फेब्रुवारी 1997 रोजी, ‘सिम्पसन्स’चा एक भाग आला. त्यात मालिकेच्या आत एक मालिका असते. ती जुनी झाली म्हणून तिच्यात पूची नावाचा चटपटीत कुत्रा घुसवतात. लोकांना तो असह्य होतो आणि शेवटी, तो आपल्या ग्रहावर परत जाताना वाटेत मेला, अशी चिठ्ठी घाईघाईने दाखवून त्याला संपवतात. त्या भागाने ‘फ्लिंटस्टोन्स’चा 166 भागांचा विक्रम मोडला, हा योगायोग गमतीचा. चॅनेलच्या एका अधिकाऱ्याने खुद्द ‘सिम्पसन्स’च्या घरात एक नवा तरुण मुलगा आणा असे सुचवले होते, त्याला लेखकांनी दिलेले हे उत्तर होते. या भागात हसे होते ते पूचीचे, पण बोट दाखवलेले आहे ते वरच्या साहेबांकडे. म्हणून तो मला 2002 च्या सिनेमापेक्षा उजवा वाटतो. सिनेमात साहेब कुठेच नाहीत. सगळे खापर पिल्लावर.

आणि आमच्या मुलाचे काय? त्याचा त्या रागाशी संबंधच नव्हता. हॅना-बार्बेराचा सगळा जुना साठा 1991 मध्ये टर्नर कंपनीने विकत घेतला. 1995 मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आले (आठवते ना, दिवसा कार्टून आणि रात्री त्याच चॅनेलवर जुने इंग्रजी सिनेमे!) तेव्हा तो साठा इकडे आला. 1969 चा स्कूबी आणि 1980 चा स्कूबी आमच्या टीव्हीवर मागेपुढे, कसाही लागायचा. आधी कोण होते आणि नंतर कोण आले, याचा पत्ता इथल्या मुलांना लागणे शक्य नव्हते. अमेरिकेतल्या मुलाला स्क्रॅपी घुसखोर वाटला, कारण त्याने त्याच्याआधीचे घर पाहिले होते. आमच्याकडच्या मुलाला तो पहिल्या दिवसापासून घरातलाच. पण इतिहास लिहिला तो मोठ्या झालेल्या मुलांनी. पाच-सहा वर्षांची, सोफ्यावर उभी राहणारी पोरे अमेरिकेतही असणारच. त्यांना तो आवडत होता म्हणून तर गाडा नऊ वर्षे चालला. त्यांच्यापैकी कोणी कधी समीक्षा लिहिली नाही.

पुढे विनोद अधिक कोरडे होत गेले. 2010 मध्ये सुरू झालेल्या मालिकेत एका संग्रहालयात स्क्रॅपीचा पुतळा दिसतो. फ्रेड डॅफ्नीला सांगतो, तिकडे पाहू नकोस, त्याचे नाव काढायचे नाही असे आपले ठरले आहे. 2019 मध्ये 1985 च्या मालिकेतले राहून गेलेले तेरावे भूत पकडणारा चित्रपट निघाला. चौतीस वर्षांनी एक भूत आठवणीने पुरे केले! त्याच मालिकेत शेवटपर्यंत बरोबर असलेल्या भाच्याचा विषय निघतो तेव्हा व्हेल्मा विचारते की, स्क्रॅपी म्हणजे काय? ‘कोण’ नाही, ‘काय’.

हा लेख लिहायला घेतल्यावर चिरंजीवांना फोन केला. ते आता नोकरीनिमित्त पुण्यात असतात. आम्ही बाहेर आलो आणि ते परत गेले, असा उलटा प्रवास. विचारले, “तो सिनेमा आठवतो का रे?” म्हणाला, “पहिली डिस्क आठवते.” फोन ठेवल्यावर कपाटातली जुनी खोकी काढली. व्हीसीडी सापडली. पहिल्या डिस्कवर इतके ओरखडे आहेत की ती आता चालेल असे वाटत नाही. दुसरी अजून कोरी करकरीत आहे.